पडशीची जागा

१

झाडणाऱ्या बाईने कचेरीचं दार लोटलं तेव्हा कोशाचे संपादक जमिनीवर पडलेले होते आणि भिंतीवरच्या पिशव्या ओळीने, नीटनेटक्या टांगलेल्या होत्या. यातली पहिली गोष्ट सगळ्यांनी पाहिली. दुसरी पाहिली ती फक्त आक्कांनी.

आक्का म्हणजे संपादकांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून या भावाचं नाक पुसण्यापासून त्याला चार माणसांत बसवण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. बाकीचं जग त्याला भाऊसाहेब म्हणायचं, आक्कांना तो अजून धाकटाच होता. स्वतः आक्कांची हयात विमा कंपनीत गेली. कुठे दुकान जळालं, गोदाम जळालं की आक्का राखेत उकिडव्या बसायच्या आणि आग लागली की लावली ते सांगायच्या. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. घरी आलेला पाहुणा कुठल्या रस्त्याने आला ते त्याच्या चपलेवरून ओळखायच्या आणि वर त्याला ऐकवायच्याही. पाहुणे त्यामुळे बेताचेच यायचे.

दवाखान्यात धाकटा उशीला टेकून बसला होता. डोक्याला पट्टी, डोळे लखलखीत, ओळख पूर्ण.

“पाणी देऊ का रे?”

“बॅग,” धाकटा म्हणाला आणि मान हलवली.

“खूप दुखतंय का?”

“बॅग.” मग आक्कांचा हात धरून, अगदी जिवाच्या आकांताने, “बॅग. बॅग, बॅग.”

फौजदारांना वाटलं, काहीतरी खूण सांगताहेत. त्यांनी कचेरीतल्या सगळ्या बॅगा उलट्यापालट्या करायचं ठरवलं. डॉक्टरांनी आक्कांना बाहेरच्या बाकावर बसवून खरं काय ते सांगितलं. डोक्यात रक्त साचलं होतं. शब्दांची जागाच दुखावली. अशा माणसाच्या तोंडात कधी कधी एखादाच शब्द अडकून राहतो, त्याला काही अर्थ नसतो. पाणीही बॅग, बहीणही बॅग.

“परत येईल बोलणं?”

“शिकवलं तर येईल. रोज, चिकाटीने, त्यांचे शब्द ज्याला माहीत आहेत अशा माणसाने शिकवलं तर. पण आक्का, खरं सांगतो, संध्याकाळीच आणलं असतं ना, तर ही वेळच आली नसती. रात्रभर पडून राहिले ते.”

आक्का आत आल्या, धाकट्याचं पांघरूण सारखं केलं आणि खाली वाकून त्याच्या कानात म्हणाल्या, “तुला ढकललं ना रे कुणीतरी?”

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बॅग,” तो म्हणाला.

“ठीक आहे. त्याला मी सोडत नाही.”

२

फौजदारांचं म्हणणं सरळ होतं. स्टुलावर चढले, तोल गेला, टेबलाचा कोपरा डोक्याला लागला. स्टूल आडवं पडलेलं होतंच. झाडणाऱ्या बाईने आरडाओरडा केला, समोरचा डॉक्टर आला, गाडी आली आणि फौजदारांच्या शिपायाने खोलीला पोलिसांचं कुलूप ठोकलं. त्यानंतर फौजदारांशिवाय कुणी आत गेलं नव्हतं. बॅगांमध्ये काही सापडलं नाही तेव्हा फौजदारांनी किल्ली आक्कांच्या हातावर ठेवली आणि हात झटकले.

“सामान होतं तसं ठेवलंय ना?” आक्कांनी विचारलं.

“टेबलाखालच्या दोन बॅगा उघडल्या, बस. ती भिंतीवरची लक्तरं कोण काढत बसणार?”

ती लक्तरं म्हणजे धाकट्याचा जीव होता. इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ देणारा कोश तो करत होता आणि त्याचा नियम असा, की वस्तू हातात धरल्याशिवाय तिचा अर्थ लिहायचा नाही. कपाचा अर्थ लिहिताना कचेरीत चहाच्या दुकानापेक्षा जास्त कप होते. कोश अक्षरांच्या नव्हे, वस्तूंच्या गटांनी चाललेला आणि गेली कित्येक वर्षं गाडी बॅगपाशी अडकलेली. या एका शब्दासाठी त्याने माणसं पाठवून जुन्या बाजारातून कमरेचा कसा आणला, बटवा आणला, थैली, पिशवी, झोळी, बोचकं, गाठोडं, पोतं, गोणी, पाण्याची पखाल, घोड्यावरची खुर्जी, पडशी, असं काय काय आणलं. एक लोखंडी दांडी दोन कंसांवर ठेवून तिला हूक लावले आणि ओळीने टांगलं. क्रमही त्याचा स्वतःचा. माणसाच्या कमरेला जे असतं ते आधी, मग हातातलं, मग खांद्यावरचं, मग डोक्यावरचं आणि शेवटी जनावराच्या पाठीवरचं. कोशात अर्थही त्याच क्रमाने. कुणी पिशवी काढली तर बघून झाल्यावर तिच्याच हुकाला परत लावायची. “वस्तू जागेवर” हे वाक्य कचेरीत दिवसातून इतक्या वेळा ऐकू यायचं, की खालच्या छापखान्यातले लोकही चेष्टेने तेच म्हणायचे.

आक्का दाराशीच थांबल्या. राखेतल्यासारख्या उकिडव्या बसल्या. जमिनीवर रक्ताचा वाळलेला डाग होता. डागाभोवती तागाचे बारीक धागे आणि धुळीचा थर, जसा जुनी गोधडी झटकल्यावर पडतो तसा. मग त्यांनी वर बघितलं. वर्षानुवर्षं टांगलेल्या पिशव्या, पण एकीच्याही खांद्यावर धूळ नाही. आणि गोणी? आक्कांनी ती उचलून तिची मागची घडी उलगडली. घडीच्या आत, छातीच्या उंचीवर, रक्ताचा डाग होता.

जमिनीवर सांडलेलं रक्त उडी मारून छातीइतकं वर जात नाही. म्हणजे धाकटा पडला तेव्हा गोणी खाली होती. दांडी त्याच्यासोबतच आली असणार, आधाराला धरली असणार. आणि नंतर कुणीतरी दांडी उचलून कंसांवर ठेवली होती आणि एकेक पिशवी हुकाला लावली होती. सगळ्या. नीट. त्याच क्रमाने.

आक्कांना पहिल्यांदा संताप आला तो इथे. ढकलाढकली रागात होते, तशा त्यांनी खूप पाहिल्या होत्या. पण हा माणूस, कोण असेल तो, खाली त्यांचा भाऊ कण्हत पडलेला असताना पिशव्या लावत उभा होता. हाक मारायला, समोरच्या डॉक्टरला बोलवायला त्याला वेळ नव्हता. पिशव्या लावायला होता.

त्यांनी ओळीवरून नजर फिरवली. कसा, बटवा, थैली, पिशवी, झोळी. आणि झोळीनंतर पडशी.

आक्का तिथेच स्टुलावर बसल्या. कारण दुसऱ्या कुणी लावलेली पडशी तिथे असायला नको होती.

३

धाकटा पडला त्या दिवशी दिवेलागणीला त्याचा फोन आला होता.

“आक्का, ऐक तर खरं. पडशी हलवली.”

“काय हलवलीस?”

“पडशी गं. दोन तोंडांची पिशवी. इतकी वर्षं मी तिला जनावराच्या रांगेत, खुर्जीच्या पलीकडे शेवटी टांगून ठेवली होती. आज सगळे गेल्यावर दोन्हीकडे पुस्तकं भरली, खांद्यावर टाकली आणि खोलीत फेऱ्या मारल्या. अगं, तोल बसतो. ती माणसाचीच आहे. आत्ता, या क्षणी झोळीशेजारी लावली. एकटाच आहे, कुणाला सांगू म्हणून तुला फोन केला. उद्या सगळ्यांना दाखवतो.”

“दूध उतू जातंय माझं,” आक्का म्हणाल्या होत्या आणि फोन ठेवला होता. ते दूध त्यांच्या डोक्यातून जाता जात नव्हतं.

पण आता त्या रडत बसल्या नाहीत. पडशीची नवी जागा त्या संध्याकाळपर्यंत जगात फक्त धाकट्याला आणि आक्कांना माहीत होती. आणि दांडी पडून विस्कटलेला ढीग ज्याने परत लावला, त्याने पडशी नव्या जागी लावली. म्हणजे तो माणूस फोननंतर आला, त्याने पडशी झोळीशेजारी पाहिली किंवा धाकट्याने त्याला दाखवली. आणि मग जे झालं ते झालं.

आक्कांनी सगळ्या पिशव्या काढल्या, टेबलावर त्यांचा ढीग घातला आणि खोलीला कुलूप लावलं. धाकट्याशिवाय कचेरीची किल्ली असलेली माणसं तीनच होती: खालच्या छापखान्यातले प्रकाशक आणि कोशावर काम करणारे दोघे, डॉक्टरबाई आणि मास्तर. फौजदारांना ताकास तूर लागू द्यायची नाही आणि दवाखान्यात धाकटा काय म्हणतो तेही कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पोलिसांनी धरलेला माणूस पोलिसांचा होतो. आक्कांना तो स्वतःला हवा होता.

प्रकाशक छापखान्यात शाईचे हात पुसत होते.

“आक्का, तुमच्या भावाने मला धुऊन वाळत घातलंय. कोश येतोय, कोश येतोय म्हणून जाहिरात केली, लोक आता माझी टर उडवतात. अहो, एका बॅगेला किती अर्थ असावेत?”

“म्हणून खार खाऊन होतात?”

“होतो की. पण मी त्यांना मारून माझंच पुस्तक कशाला बुडवीन? त्या दिवशी तर उलट मी खूश होतो. दुपारी त्यांनी पहिल्या पानाचा मजकूर पाठवला. म्हटलं चला, शेवट दिसायला लागला. लगेच जुळवून एक नमुना काढला आणि वर पाठवून दिला.”

“काय होतं त्यात?”

“पहिल्या पानावर काय असतं? कोशाचं नाव आणि त्यांचं नाव. चांगलं मोठ्या टायपात. आणि मागच्या बाजूला आभार.”

संध्याकाळी ते मेव्हण्याकडे जेवायला होते म्हणाले. मेव्हण्याने नंतर हो म्हटलं, पण मेव्हणे नेहमीच हो म्हणतात.

४

डॉक्टरबाई औषधाच्या डॉक्टर नव्हत्या, भाषेच्या होत्या. वय लहान, तोंड फटकळ. आक्कांनी विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं.

“दुपारी मी त्यांच्या अंगावर फाइल फेकली. तुम्हाला कुणीतरी सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगते.”

“कशावरून?”

“डोळ्यांखालच्या पिशव्यांवरून. इंग्रजीत त्यांनाही बॅगच म्हणतात. शिकाऱ्याने दिवसभरात मारलेली पाखरं, तीही बॅग. गाईची कास, तीसुद्धा. मी म्हटलं, अर्धे अर्थ तुमच्या दांडीवर टांगताच येत नाहीत, मग ते लिहायचेच नाहीत का? तर म्हणाले, डोळ्यांखालच्या माझ्याकडे आहेत, हात लावून बघ आणि लिही. सगळे हसले. मला इतका राग आला ना, आक्का. वर्षभर जमवलेलं काम होतं.”

“मग?”

“मग घरी गेले आणि रडले. दुसऱ्या दिवशी माफी मागायचं ठरवलं होतं. त्यांचं चुकलं होतं, पण फाइल फेकायला नको होती.” त्यांनी आक्कांकडे पाहिलं. “बोलतात का काही?”

“अजून नाही,” आक्का म्हणाल्या.

मास्तर एकटे राहायचे. शाळेतली नोकरी सोडून कोशाला लागले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. मऊ बोलणारा, कपड्याला इस्त्री असलेला माणूस. त्यांनी आक्कांना खुर्ची पुसून दिली. आक्कांची दाराशी टेकवलेली छत्री उचलून खुंटीला लावली. पाणी दिलं आणि रिकामा पेला लगेच धुऊन फळीवर, बाकीच्या पेल्यांच्या रांगेत ठेवला. आक्का बघत होत्या.

“डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारीच निघालो,” मास्तर म्हणाले. “साक्षीला कुणी नाही. एकट्या माणसाच्या साक्षीला कोण असणार?”

“तुमचं आणि त्याचं कसं होतं?”

“वाद व्हायचे. पडशीवरूनच घ्या. ती आधी खांद्याच्याच रांगेत होती. दोन तोंडांची आहे म्हणजे जनावरावर टाकायची, हे मी त्यांच्या गळी उतरवलं, तेव्हा कुठे तिला खुर्जीच्या पलीकडे जागा मिळाली. तेवढा एक अर्थ माझा.” ते थोडे हसले. “आमचा कोश म्हणजे तसा त्यांचाच. बोलतात का काही?”

तिघांनीही तेच विचारलं होतं. या वेळी आक्कांनी उत्तर बदललं.

“एकच शब्द म्हणतो. बॅग.”

मास्तरांनी फळीवरचा पेला उगाच थोडा सरकवला.

“अजूनही?” ते म्हणाले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी तिघांना कचेरीत बोलावलं, पण एकेकाला. बाकीचे दोघे खाली छापखान्यात.

“डॉक्टर म्हणतात, ओळखीच्या वस्तू ओळखीच्या क्रमाने दाखवल्या तर त्याला आठवेल. मी मूर्खासारख्या सगळ्या काढून ठेवल्या. आता त्याने जशा लावल्या होत्या तशा मला लावून द्या. तुमच्या मताने नको. त्याच्या.”

प्रकाशक आधी आले. त्यांनी ढिगाकडे बघून सुस्कारा टाकला आणि लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्या टांगल्या, दुकानात पातेली लावतात तशा. पखालीला ते गोणी म्हणाले आणि गोणीला पोतं. आक्कांनी त्यांचे आभार मानले आणि सगळं उतरवून परत ढीग घातला.

डॉक्टरबाई आल्या. न थांबता लावत गेल्या. कसा, बटवा, थैली, पिशवी, झोळी. मग लगेच बोचकं, गाठोडं, पोतं, गोणी, पखाल, खुर्जी. सगळ्यात शेवटी पडशी, खुर्जीच्या पलीकडे. हात मागे घेताना म्हणाल्या, “मला हे पटत नाही हं. पण त्यांचं असंच होतं.”

“असंच होतं,” आक्का म्हणाल्या. बाई जिना उतरल्यावर त्यांनी परत सगळं उतरवलं.

मास्तरांनी आत येताच जमिनीवरच्या डागाला वळसा घातला. डाग तर आक्कांनी चटईने झाकलेला होता. मग त्यांनी बाह्या मागे केल्या आणि कामाला लागले. पिशवी हुकाला लावायच्या आधी तिचा बंद सारखा करायचे, तोंड भिंतीकडे गेलं तर वळवायचे. जीव लावून केलेलं काम होतं. आक्कांना ते बघवेना आणि नजरही हलवता येईना.

झोळी लावून झाली. मास्तरांचा हात ढिगात गेला, बोचक्यावर थांबला, बोचकं बाजूला सारलं आणि खालून पडशी ओढून काढली. झोळीशेजारच्या हुकाला लावली. एक तोंड पुढे, एक मागे.

“बस,” आक्का म्हणाल्या. “पुढच्या राहू द्या.”

६

“काय झालं? चुकलं का?” मास्तरांनी विचारलं. वीस वर्षं कोशात घालवलेल्या माणसाला पहिली भीती चुकल्याचीच वाटते.

“नाही. बरोबर आलं. तेच वाईट झालं.” आक्कांनी खुर्ची ओढली. “डॉक्टरबाईंनी पडशी शेवटी लावली, कारण त्यांनी ती वर्षानुवर्षं तिथेच पाहिली. तुम्हीही तीच जागा पाहिली होती. तुमचा तो एकुलता एक अर्थ. मग आज झोळीशेजारी का?”

मास्तरांनी पडशीचा बंद पुन्हा सारखा केला.

“धाकट्याने ती हलवली सगळे गेल्यावर. हलवल्या हलवल्या मला फोन केला. त्यानंतर जो या खोलीत आला त्यालाच ती जागा माहीत. दुसऱ्या सकाळपासून तर इथे पोलिसांचं कुलूप होतं. तुम्ही तर डोकेदुखीने दुपारीच घरी.”

“मला काय ठाऊक त्यांनी कधी हलवली,” मास्तर हळूच म्हणाले आणि म्हणताच त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

“आणि काल मी म्हटलं, तो बॅग म्हणतो. तुम्ही म्हणालात, अजूनही? तो शब्द मी कुणाला सांगितला नव्हता, मास्तर. दवाखान्याबाहेर तो कुणी ऐकला असेल तर याच जमिनीपाशी.”

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी नाही म्हटलं नाही, हात जोडले नाहीत. उलट त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

“वीस वर्षं, आक्का. अर्धा कोश माझ्या हातचा आहे. त्या पहिल्या पानावर माझं नावसुद्धा नाही. आभारात आहे. टंकलेखिकेच्या खाली. मी तो नमुना टेबलावर पाहिला आणि दुपारभर रस्त्याने फिरलो. संध्याकाळी परत आलो, तर हा माणूस खांद्यावर पडशी टाकून नाचतोय. म्हणाला, मास्तर, तुमचं चुकलं, हलवली बघा. म्हटलं, माझं नाव कुठे आहे? तर म्हणाला, नाव काय करायचंय तुम्हाला, तुम्ही घरचेच. आणि परत जाऊन पडशी हुकाला लावायला लागला. माझ्याकडे पाठ करून.”

“म्हणून ढकललंत.”

“खांद्याला धरून फिरवला. एकदाच. त्याने दांडी धरली.”

आक्का आपल्या भावाला ओळखून होत्या. तो असंच म्हणाला असणार. घरचेच म्हणून त्याने आयुष्यभर लोकांच्या तोंडाला पानं पुसली होती, आक्कांच्यासुद्धा. मास्तरांचा राग खोटा नव्हता. पण आक्कांना तो राग मोजायचा नव्हता.

“ते मी समजू शकते,” त्या म्हणाल्या. “पुढचं सांगा. तो जिवंत आहे हे तुम्हाला कळलं होतं.”

“डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून बॅग, बॅग म्हणत होता.” मास्तरांनी तोंडावरून हात फिरवला. “मला वाटलं, पिशव्या जागेवर लाव म्हणतोय. नेहमी म्हणायचा तसं. मी लावल्या. एकेक लावत गेलो. वाटलं, सगळ्या लावून झाल्या की तो उठेल आणि ठीक आहे म्हणेल. पडशीसुद्धा त्याने म्हटलं तिथेच लावली. मला पटत नव्हतं तरी. आणि शेवटची लावून मागे वळलो तेव्हा त्याचा आवाज बंद झाला होता. मग मी घाबरलो. स्टूल आडवं केलं आणि पळालो.”

खाली छापखान्याचं यंत्र सुरू झालं. टेबल बारीक हलायला लागलं.

“चला,” मास्तर म्हणाले आणि उठले. “फौजदारांकडे जाऊ या. मला आता बरंच वाटेल.”

“म्हणूनच जायचं नाही,” आक्का म्हणाल्या.

७

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी दोन दिवस दातओठ खात फिरले नाही. बसा खाली. डॉक्टर म्हणतात, त्याला शब्द परत शिकवायला हवेत, त्याचे शब्द ज्याला माहीत आहेत अशा माणसाने. ते तुमच्याइतके कुणाला माहीत नाहीत. रोज सकाळी घरी यायचं. एकेक पिशवी त्याच्या हातात द्यायची आणि शब्द म्हणायचा. तो म्हणेपर्यंत. पिशव्या संपल्या की भांडी, मग माणसं, मग क्रियापदं.”

मास्तरांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. “हे तर मी तुम्ही न सांगता केलं असतं, आक्का.”

“ऐकून घ्या पुरतं. ज्या दिवशी त्याला तुमचं नाव घेता येईल आणि ढकललं म्हणता येईल, त्या दिवशी मी फौजदारांना घरी बोलावीन. त्याच्याच तोंडून ऐकवीन.”

खालचं यंत्र थांबलं.

“आणि मी चांगलं शिकवलं नाही तर?”

“मला कळेल. मग मीच जाईन, पण आधी सगळ्या गावाला सांगेन की मास्तरांना एक पिशवीसुद्धा शिकवता आली नाही.”

“म्हणजे दोन्हीकडून मेलोच.”

“हो. त्याचा एकेक शब्द परत येईल तसा तुमचा एकेक दिवस कमी होईल. त्याची वाचा तुम्ही पिशव्या लावत बसून घालवलीत. आता पिशव्यांनीच परत आणा.”

मास्तर पळाले नाहीत. आक्कांना त्याची खात्रीच होती. अपुरं काम टाकून जाणं या माणसाच्या हाताला माहीत नव्हतं.

दांडी आक्कांच्या घरी, खिडकीसमोरच्या भिंतीवर लागली. रोज सकाळी मास्तर इस्त्रीचे कपडे घालून यायचे आणि धाकट्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या दिवशी त्यांना बघून धाकट्याचं सगळं अंग आखडलं. “बॅग,” तो ओरडला, आणि त्या एका शब्दात काय भरलं होतं ते खोलीतल्या तिघांनाही कळलं. आक्कांनी त्याचा हात दाबला. “बसू दे त्याला. तो फेडायला आलाय.”

कसा हातात दिला, तरी बॅग. बटवा हातात दिला, तरी बॅग. मास्तर शब्द म्हणायचे, ओठ उघडून दाखवायचे, परत म्हणायचे. घसा बसला की पाणी प्यायचे आणि पेला जागेवर ठेवायचे. दुपारी घरी जाताना त्यांचे खांदे उतरलेले असायचे. आक्का दाराशी बसून भाजी निवडायच्या आणि त्यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायच्या. एकदा त्यांनी बघितलं, मास्तर झोळी हातात घेऊन नुसतेच बसलेत, ओठ मिटून. आक्कांनी सुरी खाली ठेवली, तसा मास्तरांनी लगेच शब्द म्हटला.

उन्हं बदलली. धाकट्याचे केस वाढून पट्टीची खूण झाकली गेली. डॉक्टरबाई अधूनमधून यायच्या आणि जाताना मास्तरांच्या चिकाटीचं कौतुक करायच्या. असा भावासारखा मित्र कुणाला मिळतो, म्हणायच्या. मास्तर खाली बघायचे.

मग एका सकाळी मास्तरांनी पडशी हुकावरून काढली. धाकट्याने ती त्यांच्या हातातून ओढूनच घेतली. जरा वेळ उलटसुलट पाहिली. उभा राहिला, खांद्यावर टाकली, एक तोंड पुढे, एक मागे, आणि खिडकीपर्यंत चालत गेला. परत आला. त्याचे ओठ हलत होते. मास्तर खुर्चीच्या कडेला आले, स्वतःचे ओठही नकळत त्याच्याबरोबर हलवत.

“पड,” धाकटा म्हणाला. घाम आला होता त्याला. “पडशी.”

मास्तरांचा चेहरा असा उजळला, जणू वर्गातलं सगळ्यात मागचं पोर पहिलं आलं. ते उठून उभे राहिले, दोन्ही हात पुढे केले आणि “आक्का, ऐकलंत?” म्हणाले.

मग त्यांना आठवलं. हात हळूहळू खाली आले.

धाकटा त्यांच्याकडे टक लावून बघत होता, पडशी खांद्यावर तशीच. त्याचे ओठ परत हलायला लागले होते, आता दुसऱ्याच कुठल्यातरी शब्दासाठी.

“ऐकलं,” आक्का म्हणाल्या आणि निवडलेली भाजी बाजूला सारली. “छान शिकवताय. पुढची द्या.”